संगीताचे रविवार

गाव सोडलं त्या दिवशी आम्ही दोघी एकाच एसटीने निघालो, पण निरोप द्यायला जमलेली माणसं माझ्यासाठी आली होती. आरमोरीच्या स्टँडवर माझ्या गळ्यात झेंडूचा हार, हातात नारळ, सरपंचसुद्धा हजर. संगीता आमच्याच गल्लीतली, पहिलीपासून माझ्या बाकावरची. ती आधीच खिडकीशी जाऊन बसली होती, पायाशी वळकटी आणि प्लास्टिकची बादली. मी इंग्लंडला चालले होते आणि ती नागपूरला, होस्टेलवर. त्या हाराचा मला जाम आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? आणि तेवढ्यात माझ्या मायने काय करावं! खिडकीतून भाकरीचा डबा आत दिला तो थेट संगीताच्या मांडीवर. "तूच खाऊ घालजो हिले, हिले भुकेचं समजत नाई." बाबाही तिलाच सांगत होते, "विमानाच्या गेटापर्यंत जाजो संगीता, मंग आपल्या कॉलेजात जाय." गाडी हलली तेव्हा माय रडली, पण हात धरला होता तो संगीताचा. खिडकीजवळ ती बसली होती म्हणून, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलंय.

आमचं शिक्षण ऑक्युपेशनल थेरपीचं. मायला ते अजून नीट सांगता येत नाही, ती "मालिशवाली डॉक्टर" म्हणून मोकळी होते. लकवा झालेल्या, अपघातातून उठलेल्या माणसाला त्याची रोजची कामं पुन्हा करता यावीत, जेवणं, अंघोळ, चूल, शेत, त्यासाठी झटायचं, हे आमचं काम. पदवी दोघींनी त्याआधीच नागपूरला मिळून घेतली होती. पुढच्या शिक्षणासाठी दोन ठिकाणी अर्ज केले. एक इंग्लंडचं विद्यापीठ, ज्याचं नाव ऐकलं की आमचे सर खुर्चीत सरळ बसायचे. दुसरं नागपूरचंच सरकारी कॉलेज, परवडणारं. दोघींचीही नावं दोन्हीकडे लागली. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने काय निवडावं?

आम्ही ढिवर लोक. तलावातली मासोळी आणि धानाच्या थोड्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, एवढ्यावर घर चालतं. इंग्लंडला जायचं तर बांध्या बँकेकडे गहाण पडणार होत्या. तरी बाबा म्हणाले, "नाव मोठं असन त जाय पोरी. नावाले लोक दार उघडते." मायचं म्हणणं, "नागपूर काय वाईट हाय? शनिवारी घरी येता येते." संगीताने मात्र एका दिवसात ठरवून टाकलं. तलावाच्या पाळीवर बसून मला म्हणाली, "हात तोच, मेंदू तोच, दोन्हीकडं तेच शिकवन. अन् इतका पैसा लावून तिकडं शिकलं, का मंग तो फेडाले तिकडंच राहा लागते. वापस कशी येशील?" मला वाटलं, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. शाळेत दरवर्षी ती पहिली आणि मी दुसरी. निदान एका गोष्टीत तरी ती माझ्या मागे राहील, या विचाराने मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

इंग्लंडच्या कॉलेजात एक लुटुपुटीचं स्वयंपाकघर होतं. ओटा, किटली, कपाटं, सगळं खरं, फक्त तिथे कोणी राहत नव्हतं. लकव्याच्या पेशंटने तिथे चहा करून दाखवायचा आणि आम्ही बाजूला उभं राहून असेसमेंट लिहायची. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा वाटलं, हे संगीताने पाहायला पाहिजे. म्हणजे मला तिचं उतरलेलं तोंड पाहायचं होतं. मी बर्फाचे फोटो पाठवले, लायब्ररीचे पाठवले, गाऊन घातलेला माझा फोटो पाठवला. तिचं उत्तर, "मस्त! स्वेटर घालत जा." बस. हेवा नाही, उसासा नाही, काही नाही. आणि मग आपलं सांगत सुटायची, आज वॉर्डात अमुक आजी स्वतःच्या हाताने जेवली, तमुक भाऊ उठून उभे राहिले, आम्ही सगळे टाळ्या वाजवून राह्यलो होतो. फोन ठेवला की माझ्याच पोटात दुखायचं. मोठ्या नावाच्या कॉलेजात बसून मी नागपूरच्या गर्दीच्या वॉर्डावर जळत होते, आता बोला!

शिक्षण संपलं आणि तिचं बोलणं अक्षरशः खरं ठरलं. मी तिकडेच नोकरी धरली, हप्ते सुरू झाले. शिफ्ट, रेंट, व्हिसा, पुन्हा शिफ्ट. संगीता परत आली. गडचिरोलीला एका केंद्रात लागली, स्कुटी घेतली आणि गावोगाव फिरू लागली.

मग धानाच्या रोवणीच्या दिवसांत बाबांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि थोडी जीभ. मला सुट्टी मिळाली ती जेमतेम, दवाखान्यातून त्यांना घरी आणेपर्यंत पुरली. परत जाताना विमानात मी स्वतःला शिव्या घातल्या, कारण ज्या आजारातून मी रोज परक्यांच्या म्हाताऱ्यांना उभं करत होते, तोच आजार माझ्या बापाला झाला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी तिकडून काय काय पाठवलं! बोटांनी दाबायचा रंगीत गोळा, खुंट्या लावायची पाटी, मनगटाचा पट्टा. व्हिडिओवर रोज व्यायाम सांगायचे. बाबा गोळ्याकडे पाहायचे आणि म्हणायचे, "हे लहान पोरायचं खेळनं हाय." मी गळा फाडून सांगितलं तरी तो हात मांडीवरून हलायचा नाही. एका रविवारी संगीता सहज डोकावली आणि मग दर रविवारी यायला लागली. तिने गोळा बाजूला ठेवला आणि बाबांच्या मांडीवर त्यांचंच फाटकं जाळं टाकलं, विणायला, आणि तो हात हलला. माणसाला त्याचं स्वतःचं काम हातात द्या, हा आमच्या विषयाचा पहिला धडा. तो मलाही शिकवला होता. मी तर त्याच्यावर प्रबंध लिहिलाय! पण इतक्या दुरून मला जाळं दिसलं नाही, गोळा दिसला.

त्यानंतर मायच्या फोनवर दुसरं नावच नाही. संगीता आली होती, बाबा आंगणभर चालले. संगीता म्हणते मीठ कमी खा. "अवो माय, ते मी नाई का सांगितलं कधीचं?" "हो का? असन. पन ते समोर बसून सांगते ना." माझा तिळपापड व्हायचा. संगीता देवमाणूस आहे, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणून तर जास्त जळायचे. वाईट माणसाचा हेवा करणं सोपं असतं, त्याला नावं तरी ठेवता येतात.

पुढच्या दिवाळीनंतर, गावच्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या वेळी मी मोठी रजा घेऊन आले. बाबा फाटकापर्यंत चालत आले घ्यायला. केसांना तेल, धुतलेला सदरा, ओठ घट्ट मिटलेले. मी त्यांच्या चालण्याकडे मुलीच्या नजरेने पाहिलं आणि थेरपिस्टच्याही. दोन्ही नजरांना ते आवडलं. रविवारी संगीता आली तेव्हा मी बाह्या सावरून परसात उभी राहिले, म्हटलं आज दोघी मिळून करू. तर बाबांचा हात उघडेना! जाळं मांडीवर पडून राहिलं. ते नुसते जमिनीकडे पाहत बसले. शेवटी संगीताच हळूच म्हणाली, "प्रणाली, तू जरा आत बसतेस का?"

मला! माझ्या घरात! मी चुलीपाशी येऊन बसले आणि कान परसात. थोड्याच वेळात बाबांचा आवाज मोकळा झाला. त्यांनी एक सणसणीत शिवी हासडली, संगीता खदखदून हसली, मग धप्पकन काहीतरी पडलं. मी उठून धावले तर मायने मनगट धरलं. "राहू दे. तिच्यासमोर पडतेत ते. पडतेत अन् उठतेत."

संध्याकाळी बाबा एकटे खाटेवर होते. मी जाऊन बसले आणि कितीतरी वर्षं गिळलेलं विचारून टाकलं. "बाबा, मी नागपूरलेच शिकली असती त बरं झालं असतं का? इथी असती मी. तुमचा हात मीच धरला असता."

त्यांनी बराच वेळ जीभ जुळवली. "तू असती त मी आजूनबी खाटेवरच असतो."

"काऊन?"

"ते परकी हाय. तिच्यासमोर पडलो, लाळ गळली, काई वाटत नाई. तुह्यासमोर कसा पडू? तुले म्या खांद्यावर बसवून तलाव दाखवला."

म्हणजे ते मोठं नाव, ते कर्ज, ती निवड, ज्यावर मी इतक्या वेळा तळमळले, त्याचा याच्याशी काही संबंधच नव्हता. मी परवडणाऱ्या कॉलेजात शिकले असते, दर शनिवारी घरी आले असते, तरी रविवार संगीताचाच असता. दुसऱ्या दिवशी संगीताला हे सांगितलं तर ती म्हणाली, "माह्या मायचे गुडघे दुखतेत, ते मले हात लावू देते का? घर की मुर्गी दाल बराबर." तिला वाटलं, याने मला बरं वाटेल. नाही वाटलं. मला पडणारा बाप हवा होता. घरचे मात्र पाहुण्याला चांगल्या कपात चहा द्यावा तसा मला उभा बाप देत होते. तुमच्यातले जे बाहेर गेलेत त्यांना हे ठाऊक असेल. जे घरी राहिलेत त्यांना विनंती आहे, यावर हसू नका.

निघायच्या सकाळी बाबा खुर्चीत बसून सदरा घालत होते, स्टँडवर यायचं म्हणून. बटनं त्यांची ते स्वतः लावतात. सुट्टीभर रोज सकाळी मी दाराआडून ते पाहिलं होतं, उजव्या हाताने, जीभ दातात धरून, पण सगळी. त्या दिवशी मी दारात उभी असलेली त्यांना दिसले. पहिलं बटन लागलेलं होतं. ते त्यांनी काढलं आणि हात खाली सोडला.

"लाव बरं पोरी. जमत नाई."

पेशंटला जे येतं ते आपण करून द्यायचं नाही, हा आमचा नियम. इंग्लंडमध्ये मी किती नातेवाइकांना यावरून झापलंय. मी खाली बसले आणि एकेक बटन लावलं, सावकाश. बाबा माझ्या डोक्यावरून भिंतीकडे पाहत होते. सगळी लागली, मी उठायला लागले, तर म्हणाले, "वरचं राहिलं." वरचं बटन बाबांनी जन्मात कधी लावलेलं नाही, त्यांना गळ्याशी आवळतं. मी तेही लावलं. त्यांनी ते स्टँडपर्यंत तसंच ठेवलं.

तिकडे कोणी विचारलं, घर कुठे तुझं, तर मी गावाचं नाव सांगते आणि नकाशात दाखवते. मनात मात्र ती सकाळ येते. संगीताला हे मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर पेशंटची सवय बिघडवली म्हणून माझ्यावर ओरडेल, आणि तिचं बरोबरच असेल. पण मी सांगणार नाही. रविवार सगळे तिचे आहेत, हे माझं राहू दे.