कऱ्हाटीचा थोरला जावई

बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची मोटार सुटायला आली, तरी आय खिडकीची दांडी सोडेना. कऱ्हाटीहून बैलगाडीनं ती मला पोचवायला आली होती. माझ्या मांडीवर तिनं बांधून दिलेलं गाठोडं, त्यात ज्वारीचं पीठ, लसणाची चटणी आणि तिच्या वाफ्यातली वांगी. शेजारी आमचे हे, नव्या टोपीत अवघडून बसलेले. कंडक्टरनं घंटी मारली तरी आयचं चालूच. "उपाशी राहू नगं. कुणाचं ऐकून घिऊ नगं. आन् पोचलीस म्हंजी सांगावा धाड गंऽऽ, कौसे!" तो शेवटचा 'गं' तिनं एवढा लांबवला की सगळी मोटार माझ्याकडं वळून हसली. मला तर खिडकीतून उडी मारावीशी वाटली.

सांगावा म्हणजे काय, तर बाजाराला जाणाऱ्या कुणाच्या तरी तोंडी निरोप. इंदापूरला पोचल्यावर मी तो धाडला का, ते आता आठवत नाही.

कऱ्हाटीत राहिलेल्या बायांनो, आणि माझ्यासारख्या गाव सोडून कुठं कुठं जाऊन पडलेल्यांनो, तुम्हाला वाटतं कौसा पुण्यात मजेत आहे, गॅसवर स्वयंपाक करते, तिला कसलं आलंय दुःख. दुःख न्हायच गं! माझ्या पोटात दुखतं, ते निराळं. डोकीचे केस पांढरे झाले तरी दुखायचं थांबत नाही. आज सगळं सांगूनच टाकते.

आमचे हे बारामतीत एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली कंपाउंडर होते. म्हाताऱ्यांनी दवाखाना बंद केला, तेव्हा कळलं की इंदापुरात सडकेला एका नव्या डॉक्टरला माणूस हवाय. तो नवा डॉक्टर म्हणजे हेमनदास. सिंधमधून आलेला. तिकडं त्याचा स्वतःचा दुमजली दवाखाना होता म्हणे, हाताखाली दोन डॉक्टर, दाराशी टांगा. फाळणीत सगळं टाकून आला, कल्याणच्या कँपात राहिला. तिथं कुणा ट्रकवाल्यानं सांगितलं की पुणे-सोलापूर सडकेला इंदापुरात डॉक्टर कमी आहेत, म्हणून तो तिथं येऊन उतरला. पुढं दवाखान्याची खोली, मागं दोन खोल्या. एकीत डॉक्टर आणि त्याची बायको गोपी, दुसरीत आम्ही. मध्ये अंगण एकच.

आल्या दिवसापासून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शेजारपाजारच्या बाया यायच्या त्या सरळ गोपीच्या दारात. "बिचारी! केवढं सोडून आली!" आणि मी? मी काय कऱ्हाटी खिशात घालून आणली होती? माझी विहीर, माझी आय, माझी जात्यावरची जागा मीही सोडलीच होती की. पण लेकीनं माहेर सोडलं तर त्याला कुणी सोडणं म्हणत नाही. गोपीला मराठीचे दोन शब्दही येत नव्हते, तरी ती हसून मिऱ्यांचा पापड पुढं करायची आणि बाया विरघळायच्या. मला 'अदी' म्हणायची. त्यांच्यात बहिणीला म्हणतात. मी कधी हाक मागितली होती हिच्याकडं?

बाया यायच्या, पण पेशंट येत नव्हते. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. माणूस दारात आला की आधी विचारणार, "पाव्हणं, गाव कंचं? कुणापैकी?" मग कुठल्या तरी चुलत्याच्या मेव्हण्यापाशी नातं जुळणार आणि मगच त्याला पाणी. हेमनदासला गावच नव्हतं. जे होतं ते दुसऱ्या देशात गेलेलं. इंदापूरचे आबा लोक चावडीपाशी म्हणायचे, "औषध चांगलं आसंल हो, पर मानूस कुनाचा? उद्या उठून गेला, तर धरायचं कुनाला?" आणि बायकांची नाडी तर कुणी त्याच्या हातात द्यायलाच तयार नव्हतं. आमचे हे रोज मिक्श्चरच्या बाटल्या पुसून पुन्हा फळीवर मांडायचे. डॉक्टर स्टेथोस्कोप गळ्यात घालून सडकेकडं बघत बसायचा.

एके दिवशी हे तोंड पाडून आत आले. डॉक्टर म्हणालाय, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर कँपात परत. म्हणजे आम्ही कळंबला, मोठ्या दिरांच्या उसात. जावेच्या हाताखाली भाकरी थापायला. मी नुकती कुठं स्वतःची चूल घातली होती, तिला पोतेरं फिरवून सारवलं होतं. आता ती चूल मोडायची! डॉक्टरचा राग आलाच, पण त्याहून जास्त त्या सडकेवरून सरळ पुढं जाणाऱ्या लोकांचा आला.

त्यात मला दिवस गेलेले, गोपीलाही गेलेले. दोघीही पहिलटकरणी. सातव्यात आय मला न्यायला आली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय सांगायला पाहिजे? मी लुगडी बांधून तयारच. आय अंगणात टेकली, गोपीनं पाणी आणि पापड आणून दिला. आयनं तिच्या पोटाकडं बघितलं आणि विचारलं, "तुजी आय कवा येनार न्यायाला?"

गोपीला 'आय' तेवढं कळलं. म्हणाली, "माँ नहीं है. घर भी उधर ही रह गया."

आयनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मग चल की. दोन कापडं घे."

बायांनो, मी तिथंच फुटले असते! माझं माहेर, आणि मला न विचारता त्याची वाटणी! डॉक्टर धावत आला, हिंदीत समजावू लागला की मी स्वतः डॉक्टर आहे, इथंच सगळं करीन. आयनं पदर तोंडाला लावला. "अगं बया! नवरा करनार बाळंतपन? काय जनाची-मनाची हाय का न्हाय तुमा लोकांत?" आमच्या ह्यांनी त्याचं कसंबसं भाषांतर केलं. डॉक्टरनंच गोपीची दोन कापडं बांधून दिली. आणि आम्ही तिघी निघालो, मोटारीत खिडकीशी गोपी, कारण तिला मळमळत होतं. मला मळमळत नव्हतं होय?

कऱ्हाटीत बाज एकच. गोपीचे दिवस आधी भरत आलेले, म्हणून बाज तिला. शेगडीजवळची जागा तिला. डिंकाच्या लाडवांचा पहिला घाणा तिला. माझ्या वाट्याला दुसरा घाणा आला, आणि त्यात खोबरं कमी होतं, हे मी आजही शपथेवर सांगते. आय तिचे केस विंचरायची आणि एकेक शब्द शिकवायची, "म्हन, चूल. म्हन, भाकर. म्हन, मला काय बी नगं." गोपी म्हणायची आणि आय लहान पोरीसारखी खिदळायची. माझ्याबरोबर ती अशी कधी खिदळली नव्हती.

डॉक्टरला काही राहवलं नाही. दिवस जवळ आले तसा तो बॅग घेऊन आमच्या ह्यांच्याबरोबर कऱ्हाटीत हजर झाला. पण सुईण आत, आणि आय दारात आडवी. "जावयानं आत यायचं न्हाय." बसला बिचारा ओट्यावर बॅग मांडीवर घेऊन. येणाराजाणारा विचारी, हे कोण? आणि आय आतून ओरडून सांगायची, "माजा थोरला जावई हाय! डाक्टर हाय!"

थोरला! मी पोटची एकुलती एक लेक, आणि माझा नवरा झाला धाकटा. हे आपले हसत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शेजारच्या तात्यांच्या पायाला गळू झालेलं, पंधरवडा लंगडत होते. ओट्यापाशी थबकून म्हणाले, "जावईबापू, बसलाच हाय रिकामं, तर ह्ये बघता का?" रिकामा बसलेला डॉक्टर उठला. ह्यांनी पाणी उकळलं. गळू कापलं, धुतलं, पट्टी बांधली. गोपीचं बाळ आत रडलं तोवर अर्धी आळी ओट्यावर जमली होती. कुणाचा कान, कुणाचा खोकला. आणि बायका! त्याच बायका, ज्या परक्याला नाडी देत नव्हत्या, पदर सावरून हात पुढं करत होत्या. गावच्या जावयाला कसली लाज?

थोड्या दिवसांनी माझीही मुलगी झाली. झाली बरं का. कुणाच्या ध्यानात राहिलंय का बघा.

सव्वा महिन्यानं आम्ही इंदापूरला परतलो, आणि मागोमाग कऱ्हाटीच्या बैलगाड्या. डॉक्टर फुकट तपासायला निघाला, तर कुणी तयार होईना. लेकीच्या घरचं फुकटचं कोण खाईल? वांगी, लिंबं, कोंबडी, काही ना काही ठेवल्याशिवाय माणूस उंबऱ्याबाहेर पडत नव्हता. ते बघून इंदापूरचे आबा एकमेकांना म्हणाले, "आरं, ह्यो तर कऱ्हाटीचा जावई!" झालं, नातं सापडलं. दिवाळीला दवाखान्यात बसायला बाकडं पुरेनात. माझी चूल राहिली, ते खरं. पण माझ्या माहेराच्या जिवावर राहिली, आणि नाव झालं त्यांचं.

पुढं आय इंदापूरला आली की मोटारीतून उतरून आधी गोपीच्या दारात. मी एकटी कऱ्हाटीला गेले तर माझा हात धरून पहिला प्रश्न, "एकलीच आलीस? ती कुठं हाय?" पुढं डॉक्टरनं पुण्यात मोठा दवाखाना काढला, आम्हीही त्यांच्यामागं आलो. पुण्यात मी हाय-न्हाय बोलले की नळावरच्या बाया तोंड लपवून हसायच्या. मी वर्षभरात जीभ घासूनपुसून लख्ख केली. गोपीनं काही केलं नाही. सिंधी बाईला कोण हसणार? ती आपली आयनं शिकवलेलंच बोलत राहिली.

आय गेली. रान चुलत्यांकडं गेलं. त्यानंतरची पहिली पंचमी, आणि मला जायला गाव उरलं नाही. गोपी दोन गल्ल्या पलीकडं राहते. तिनं बोलावणं धाडलं. गेले. भरली वांगी केली होती, अगदी आयसारखी, मेलीनं. जेवू घातलं, ओटी भरली, दारापर्यंत पोचवायला आली आणि म्हणाली, "नीट जा. पोचलीस म्हंजी सांगावा धाड गंऽऽ, कौसे."

तोच हेल. तेवढाच लांब. मी चपला पायात सरकवल्या. मग फणकाऱ्यानं म्हणाले, "दोन गल्ल्यांवर काय पोचायचंय?" आणि तरातरा निघाले.

कोपऱ्यावर आल्यावर इकडंतिकडं बघितलं, कुणी नव्हतं. हळूच म्हणून बघितलं. पोचलीस म्हंजी सांगावा धाड गं. पुण्याची बाई बोलल्यासारखं झालं. पुन्हा म्हटलं. नाहीच. आय माझी, दूध मी प्यायले, आणि आवाज राहिला हिच्या गळ्यात! इतका जळफळाट झाला की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

तशीच मागं फिरले आणि तिची कडी वाजवली. दार उघडलं.

"पिशवी राहिली," मी म्हटलं.

पिशवी माझ्या हातात होती. तिनं पिशवीकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं. पदरानं माझे डोळे पुसले, चौकटीला धरून उभी राहिली, आणि मी पायरी उतरायला लागल्यावर पुन्हा म्हणाली, "पोचलीस म्हंजी सांगावा धाड गंऽऽ, कौसे."

घरी पोचले आणि ह्यांना लगेच तिकडं धाडलं. म्हटलं, टोपी घाला आणि गोपीला जाऊन सांगा, कौसा पोचली.