पगारातून कापलेलं

"कागद दाखवा, मग बोला." एवढं म्हणून आपा बोटानं टेबलावर दोनदा टकटक करायच्या. समोर टँकरवाला असो की मोठा अधिकारी, तो आपोआप खिसे चाचपायला लागायचा. जुन्नरच्या जुन्या कागदी घराण्यातली बाई. आजोबांच्या काळापर्यंत त्यांच्या घरी हातानं कागद बनायचा. "आमच्यात कागद फाडला की मार पडायचा, भाऊ," असं त्या मला सांगायच्या.

नारायणगावजवळच्या एका खासगी दूध प्रकल्पात त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या आणि मी पगारपत्रकं करायचो. त्यांच्या नवऱ्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं, दोन मुली शिकत होत्या. घर चालायचं ते आपांच्या पगारावर. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल, पगारचिठ्ठीतली प्रत्येक ओळ ज्याला पाठ असते. एप्रिल लागला की आपा माझ्यासमोर खुर्ची ओढून बसायच्या.

"भाऊ, इन्कम टॅक्स बारा महिने सारखा कापा. मार्चला एकदम कापला तर पोरींची फी कुठनं भरू?"

मेडिक्लेमचा हप्ताही पगारातून जायचा. त्यावर त्या खूश असायच्या. "हे लई भारी हाय. दुखणं आलं तरी घर मोडत नाय."

तो हप्ता विमा कंपनीकडं जातच नव्हता. टॅक्स, पीएफ, विमा, तिन्ही कपातींचे पैसे मॅनेजर साहेब भलतीकडं फिरवत होते. साहेब म्हणजे मालकांचे मेहुणे. "पुढच्या महिन्यात भरू रे," असं ते दर महिन्याला म्हणत, आणि मी खाली मान घालून चिठ्ठ्या छापत राही. होय, मला ठाऊक होतं.

एका सकाळी आपांचा नवरा दुकानात बसल्याजागी कलंडला. मेंदूत गुठळी. पुण्याला नेलं, तर विम्याचं कार्ड चालेना. बांगड्या मोडून, नातेवाइकांकडं हात पसरून पैसे जमेपर्यंत संध्याकाळ झाली. नवरा वाचला, पण उजवा हात गेला. सुईएवढा स्क्रू न बघता बसवणारा हात.

तीन आठवड्यांनी आपा कामावर आल्या आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या. आम्ही सगळे दाराशी. त्या एवढंच म्हणाल्या, "नशिबाचा भोग, साहेब." साहेबांचा चेहरा सैल झाला. माझा झाला नाही. बाहेर पडताना आपा हसत होत्या, आणि ते हसू मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पुढं वर्षभर त्या कामात एकदाही चुकल्या नाहीत. साहेबांना रोज सलाम करायच्या. रविवारी मात्र मिळेल ती एसटी पकडून तळेघरच्या बाजूला जायच्या. नोकरी सोडून गेलेली आमची माणसं तिकडच्या वाड्यावस्त्यांवर राहायची. भातखाचरांच्या बांधावरून चालत त्या प्रत्येकाचं घर गाठायच्या, जुन्या पगारचिठ्ठ्या मागून घ्यायच्या आणि मोबाइलवर त्याचं पीएफ खातं उघडून दाखवायच्या. खातं कोरं. एक म्हातारी त्यांना म्हणाली, "जाऊ द्या, आपा. मोटी मानसं हायती ती."

"मोटी हायती म्हनूनच पडल्यावर आवाज व्हईल," आपा म्हणाल्या.

त्याच सुमारास त्यांना इन्कम टॅक्सची नोटीस आली. पगारातून कापलेला टॅक्स सरकारात जमाच झाला नव्हता. ती नोटीस घेऊन त्या माझ्या टेबलाशी आल्या. दार लावलं.

"भाऊ, तुमचं नाव मला दोन ठिकानी लिहिता येतंय. चोरांत नायतर साक्षीदारांत. कुठं लिहू?"

कपाट उघडून मी बँकेची कागदपत्रं काढून दिली. त्यातच आपांना ते सापडलं. सगळ्यांचा हप्ता बुडाला होता, फक्त साहेबांच्या स्वतःच्या कुटुंबाची पॉलिसी वेळेवर भरलेली होती. तो कागद त्यांनी फार वेळ वाचला. मग घडी करून पदराआड ठेवला.

तक्रारी गेल्या. पीएफवाले आले, टॅक्सवाले आले. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. मग एके दिवशी साहेब आपांच्या घरी आले. आपांनी मलाही बोलावून घेतलं. साहेब आपांच्या नवऱ्याच्या कॉटसमोर बसले, त्यांच्या कपाळावर घाम.

"आपा, माझ्या पोराबाळांकडं बघा. तक्रार मागं घ्या. म्हणाल ते देतो."

आपांनी पाणी दिलं. मग नवऱ्याचा लुळा हात उचलून साहेबांच्या हातात ठेवला. "धरा. धरा की! या हातानं एक मशीन दुरुस्त करून दाखवा. लगेच मागं घेते."

साहेबांना तो हात धरवेना आणि सोडवेना. आपांचा नवरा पुटपुटला, "बस कर गं." आपांनी बस केलं नाही. साहेब रडायला लागले तरी त्या बघत राहिल्या. पोटभर बघितलं.

साहेब तुरुंगात गेले. मालकांना सगळ्या कपाती दंडासकट भराव्या लागल्या आणि आपांची नोटीस रद्द झाली. तळेघरची माणसं पीएफ काढायला आली तेव्हा आपांसाठी नाचणी घेऊन आली. प्रकल्प विकला गेला. आपांनी पुण्याला मुलीजवळ जायचं ठरवलं.

मी त्यांना सोडायला जुन्नरच्या स्टँडवर गेलो. सामान वर चढवलं, नवऱ्याला खिडकीशी बसवलं. मला वाटत होतं, आता तरी त्या काही बोलतील. बोलल्या.

"भाऊ, तुमी कागद दिले, ते इसरनार नाय. त्याआदी तीन वर्सं गप बसलात, तेबी इसरनार नाय."

एसटी हलली. त्यांच्या नवऱ्यानं खिडकीतून मला डावा हात केला. आपांनी केला नाही.