नावाड्याला ‘येतो’ म्हणालो

मंडळी, हसू नका. आज दुपारी मी खऱ्या नसलेल्या एका माणसाचा निरोप घेतला.

माझ्या कॉम्प्युटर गेममध्ये एक म्हातारा नावाडी आहे. चार महिने, अड्यारच्या ऑफिसातून वेस्ट मांबलमला घरी आलो की मी आधी त्याच्या घाटावर जायचो. त्याला एकच वाक्य येतं, "बसा, पाणी शांत आहे." दिवस कसाही गेलेला असो, ते ऐकून बरं वाटायचं.

आज शेवटचा टप्पा होता. नदी ओलांडली की परत येता येणार नाही, अशी सूचना आली. मी उगाच घाटावर रेंगाळलो. पंख्याच्या घरघरीत पाण्याचा आवाज मिसळत होता. नकळत तोंडून निघालं, "जातो, काका."

मागे आई कॉफी घेऊन उभी होती. "जातो काय म्हणतोस? येतो म्हण!"

"येतो," मी म्हणालो.

त्याने मला पलीकडे सोडलं आणि रिकामी होडी घेऊन तो धुक्यात दिसेनासा झाला. कॉफी निवेपर्यंत आम्ही दोघंही पडद्याकडे बघत होतो.

गेम पहिल्यापासून सुरू केला, तर तो घाटावर असेलच. फक्त मला ओळखणार नाही. पण मी येतो म्हणालोय ना. तुम्ही परत त्या घाटावर गेला असता?