ह्वाजाच्या काखेतली गाठ

दक्षिण कोरियातल्या बुसान शहरात, गरम झऱ्याच्या सार्वजनिक न्हाणीघरात ब्योन ह्वाजा तेवीस वर्षं बायकांची अंगं घासते आहे. काळी चोळी, काळी चड्डी आणि हातात अंग घासायचा हिरवा खरखरीत हातमोजा. एवढ्या कपड्यांत काय डोंबल झाकणार! त्यामुळे सत्तेचाळिसाव्या वर्षी तिनं छातीत सिलिकॉनच्या पिशव्या बसवून घेतल्या, ते अख्ख्या आळीला ठाऊक. नणंदेनं टोमणा मारलाच, "या वयात कुणाला दाखवायचंय?" ह्वाजानं तिथल्या तिथं सुनावलं, "मला. आरशात मीच बघते ना!"

त्याला अकरा वर्षं झाली. एक दिवस स्वतःचं अंग घासताना तिच्या डाव्या काखेत शेंगदाण्याएवढी गाठ लागली. रोज वीस बायकांच्या काखा घासणारा हात तो, त्याला कोण फसवणार? ती थेट पिशव्या बसवणाऱ्या डॉक्टर छेकडे गेली. त्यांनी दाबून पाहिलं, मॅमोग्राफी केली आणि हसले.

"मावशी, सगळं जागच्या जागी आहे. पिशवी फुटली असती तर छाती बसली नसती का? घासून घासून काख सुजलीय. काम कमी करा."

"काम कमी करा म्हणे! मेल्याचं नख तरी मळलंय का कधी?" ह्वाजा न्हाणीघरात येऊन कडाडली.

गल्ल्यावर बसणारी युनशिल तिची जुनी मैत्रीण. ती म्हणाली, "ताई, डॉक्टर सांगतोय ना? कशाला उगाच डोक्याला ताप?"

"काख माझी आहे, त्याची नाही."

तोंड चाललं होतं, पण आतून ती पार घाबरली होती. पिशवी फाटली असेल तर आतलं कुठवर पसरलंय, हे तिला कळायलाच हवं होतं. आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. मग तिनं सरळ दुसरं इस्पितळ गाठलं.

तिथल्या तरुण डॉक्टर ह्यन बाईंनी काखेवर सोनोग्राफी सुरू केली आणि पडदा तिच्याकडे वळवला.

"बोला की बाई, काय दिसतंय?"

"गाठ पांढरीफेक दिसतेय. मागे सगळं धूसर, हिमवादळ उठल्यासारखं. सिलिकॉन आहे हे. एमआरआय करू या."

छातीच्या एमआरआयला पालथं झोपवतात. "तेवीस वर्षं बायकांना पालथं पाडलं, आज माझी पाळी," ह्वाजा पुटपुटली.

नंतर ह्यन बाईंनी पडद्यावर दाखवलं. डाव्या पिशवीचं फाटकं आवरण घड्या पडून आत तरंगत होतं, वाडग्यातल्या शेवयांसारखं. "शरीर पिशवीभोवती आपलं एक कवच तयार करतं. पिशवी फाटली तरी बरंचसं सिलिकॉन त्या कवचातच राहतं, आकार बदलत नाही. मॅमोग्राफीत हे बहुतेक वेळा दिसतच नाही. थोडं काखेत गेलंय, त्यापलीकडे काही नाही."

ह्वाजा ढसाढसा रडली. सुटल्यासारखं वाटलं म्हणून रडली, आणि संतापानंही.

चित्रांची सीडी घेऊन ती पुन्हा डॉक्टर छेकडे गेली. चित्रं पाहताच साहेबांचा चेहरा उतरला. मग आवाजात एकदम मध आला. "मावशी, दोन्ही नवीन बसवून देतो, फुकट. फक्त या कागदावर सही करा. बाहेर कुठं बोलायचं नाही, एवढंच."

"सही गेली खड्ड्यात. दोन्ही काढून टाकणार मी, आणि तेही दुसरीकडे."

"अहो, हळू बोला, बाहेर पेशंट आहेत."

"आहेत ना? बरं झालं."

तिनं दार सताड उघडलं. बाहेर सहा-सात बायका बसल्या होत्या.

"पोरींनो, कुणाच्या पिशव्यांना दहा वर्षं झालीत? छाती छान दिसते, म्हणून हा सांगेल सगळं ठीक आहे. ऐकू नका. सोनोग्राफी मागा, एमआरआय मागा. माझी आत फाटलीय, हे बघा," म्हणत तिनं सीडी वर धरली.

साहेब मागून ओरडत होते. कुणी मान वर करेना. मग खिडकीजवळच्या एका बाईनं, जमिनीवरची नजर न उचलता, हळूच हात वर केला.

ह्वाजा तिच्याशेजारी जाऊन बसली.