कॉन्सर्टमधला शेवटचा घाव

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. जे परत करून दाखवता येत नाही ते झालंच नाही, असं टीमला सांगणारा माणूस. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय...

आम्ही टेक्सासमध्ये, प्लेनोला राहतो. माझी बायको अश्विनी इथल्या हौशी ऑर्केस्ट्रात चेलो वाजवते. मी ड्रायव्हर. चेलो गाडीत घालायचा, काढायचा आणि प्रॅक्टिस संपेपर्यंत मागे लॅपटॉप उघडून बसायचं.

यंदाचा कॉन्सर्ट अमेरिकन लोककथांवर होता. शेवटची रचना एका रेल्वेमजुराची. हातोड्याने डोंगर फोडताना तो मशीनशी शर्यत लावतो, जिंकतो आणि तिथेच कोसळून मरतो. त्याचा शेवटचा घाव म्हणजे – सगळा ऑर्केस्ट्रा थांबतो आणि रुळाच्या एका तुकड्यावर एकच हातोडा पडतो.

तो हातोडा मारणाऱ्याची ऐनवेळी पाठ धरली. कंडक्टर डोनाबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही रिकामेच बसलेले असता ना?"

प्रॅक्टिसमध्ये मी एकदाही वेळेवर मारला नाही. कधी आधीच, कधी सगळे सामान आवरायला लागल्यावर. घरी अश्विनी म्हणाली, "यार, वर्षभर त्या सोलोवर मेहनत घेतलीय मी. त्याच्यामागोमाग तुझा हातोडा आहे. प्लीज, माती करू नकोस."

रविवारी दुपारी कॉन्सर्ट. हॉल भरलेला. अश्विनीने सोलो असा काही वाजवला की माझे डोळेच भरून आले. समोरचं दिसेना, म्हणून हातोडा खाली ठेवला आणि चष्मा शर्टाला पुसायला लागलो... तेवढ्यात ऑर्केस्ट्रा थांबला. डोनाबाईंचा हात माझ्याकडे.

ठण्ण.

बरोब्बर वेळेवर. पायाखालच्या फळ्या हादरल्या. मी रुळाला हात लावला – थरथरत होता आणि चक्क गरम होता. हातोडा माझ्या बुटाशी तसाच पडलेला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

डोनाबाईंच्या डोळ्यांत पाणी. "एवढी ताकद कुठे लपवली होतीत?"

मी थँक यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

गाडीत अश्विनी म्हणाली, "पहिल्यांदाच वेळेवर मारलास रे."

"मी मारलाच नाही."

तिने सीटबेल्ट लावला. "बरं. कुणाला बोलू नकोस. लोक आत्ता कुठे तुला चांगलं म्हणायला लागलेत."

कॉन्सर्टला आलेल्या आमच्या ओळखीच्या देशपांडे काकांनी फोनवर शूटिंग केलं होतं. त्यात मी चष्मा पुसतोय आणि 'ठण्ण' स्वच्छ ऐकू येतंय. काका रिटायर्ड इंजिनिअर. "मागून कुणीतरी काहीतरी पाडलं असेल," म्हणाले. आम्ही दोघांनी परत हॉलवर जाऊन पाहिलं. मागे नुसती भिंत. मग त्या रुळावर मी जीव खाऊन हातोडा मारून पाहिला, काकांनीही मारला. ठक्... यापलीकडे आवाज नाही.

कारण मला आजही माहीत नाही. पुढच्या कॉन्सर्टलाही तुम्हीच मारा, अगदी तसाच, असं डोनाबाईंचं म्हणणं आहे. मी हो म्हटलंय खरं, पण ते माझ्या हातात नाही.