देशमुखांची सिगारेट

देशमुखांच्या मूत्राशयात कॅमेरा होता आणि स्क्रीनवर पुन्हा कॅन्सरची गाठ दिसत होती. पहिली आम्ही खरवडून काढली होती. मग ती परत येऊ नये म्हणून सहा आठवडे बीसीजी दिलं, म्हणजे बाळांच्या दंडावर टोचतात तीच लस, पण थेट मूत्राशयात सोडायची.

"आता मूत्राशय काढणार का हो, डॉक्टर?" त्यांनी विचारलं. वय चोपन्न, इथे परदेशात ग्रँड कॅनाल डॉक भागात नोकरी. मूत्राशय काढलं की जन्मभर पोटावर लघवीची पिशवी. मी "बघू" म्हणाले.

आमच्या कन्सल्टंटनी, म्हणजे माझ्या बॉसनी, विचारलं, "स्मोकिंग?"

"चार वर्षांपूर्वी सोडली," मी ठणकावून सांगितलं. हिस्टरी मीच घेतली होती. मराठीत, त्यांच्या बायकोसमोर.

दुपारी आमची नर्स शिवॉन म्हणाली, "युअर मॅन दिवसाला दहा ओढतो." युअर मॅन म्हणजे इथल्या भाषेत 'तो गृहस्थ'.

"कोण म्हणालं?"

"तोच. मी विचारलं, त्याने सांगितलं."

मला राग आला. देशमुखांचा थोडा, माझा जास्त. गणपतीत त्यांची बायको मीनलवहिनी आणि मी शेजारी बसून मोदक वळतो. त्यांच्यादेखत हा माणूस मला काय कपाळ खरं सांगणार? मी मात्र आपला माणूस मिळाला म्हणून खूश होते.

त्यांना एकट्याला गाठलं. ते ओशाळले. "आता सोडून काय उपयोग?"

"धुरातलं विष रक्तातून लघवीत उतरतं आणि मूत्राशयात तासन् तास साठतं. ओढत राहिलात तर गाठ परत येण्याचा धोका वाढतो. सोडलीत तर मूत्राशय वाचेलच अशी गॅरंटी नाही. पण उपयोग आहे."

"मीनलला..."

"मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

नवी गाठ काढली. बॉसनी कुरकुरत बीसीजीचा आणखी एक कोर्स मान्य केला. देशमुखांनी निकोटीनचे पॅच लावले आणि घरी कबुली दिली. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत.

तीन महिन्यांनी पुन्हा कॅमेरा घातला. मूत्राशय स्वच्छ! देशमुख रडले, मलाही भरून आलं. तपासण्या पुढेही चालूच राहतील. श्रेय औषधाचं की सोडलेल्या सिगारेटचं, ते मला सांगता येणार नाही.

आता मराठी पेशंट आला की सिगारेटचा प्रश्न शिवॉन विचारते. तेवढ्या वेळात मी त्याच्या बायकोला चहाला नेते.