मैदानातला दुसरा खड्डा

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आम्ही लखनौला, आलमबागेकडच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहायचो. मागच्या मैदानात सगळ्यांचा मिळून एक खताचा खड्डा होता. भाज्यांची सालं, उरलंसुरलं, अंगणातला पाला तिथे टाकायचा आणि हिवाळ्यात ज्याने त्याने आपल्या वाफ्यांसाठी खत न्यायचं. आई अकोल्याकडची. या परक्या गावात तिला मैत्रिणी मिळाल्या त्या खड्ड्यावरच. संध्याकाळी बादली घेऊन गेली की लवकर परतायची नाही. वडील चिडवायचे, "सालं टाकायला जातेस की सभेला?"

बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मूर्तीपुढची सुकलेली फुलं तिने बादलीत घातली. आमच्याकडे फूल सुकलं की मातीतच जायचं. बाकीच्या बायका पूजेची फुलं गोमतीत सोडतात, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. शेजारीण, तिची सगळ्यात जवळची, म्हणाली, "बहनजी, चढ़ावे के फूल कूड़े में?"

"कूड़ा कहाँ, खाद बनेगी. हम बौद्ध हैं, हमारे यहाँ ऐसा ही चलता है," आई सहज बोलून गेली.

"अच्छा," शेजारीण म्हणाली. तेवढ्यावरून तिने आमची जात ओळखली. काही दिवसांतच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नवा खड्डा खणला गेला आणि सगळ्या तिकडे जाऊ लागल्या. कारण कुणी सांगितलं नाही. त्या सभ्यपणाचा मला आजही संताप येतो. भांडल्या असत्या, तर आईला निदान भांडता तरी आलं असतं.

"पुढच्या वेळी आपणही नदीत सोडू," वडील म्हणाले.

"मग त्या परत येतील का?" आईने विचारलं. वडील पेपर वाचत राहिले.

ती मात्र रोज ठरल्या वेळी जुन्या खड्ड्यावर जाऊन एकटीच थांबायची.

हिवाळ्यात एका सकाळी त्या सगळ्या जुन्या खड्ड्याकडे येताना दिसल्या. आईचा चेहरा उजळला. मटार सोलणं अर्धवट टाकून, होती तेवढी टरफलं बादलीत लोटून ती लगबगीने निघाली. मी दारातून बघत होते. नव्या खड्ड्यातला पाला अजून कुजला नव्हता, म्हणून त्या खत न्यायला आल्या होत्या. खत त्यांना चाललं. शेजारीण भरलेलं घमेलं घेऊन आईजवळून गेली, पदर सावरून, अंतर ठेवून.

आई आत आली. "गोभी चांगली येईल त्यांची," एवढंच म्हणाली आणि मटारापुढे नुसतीच बसून राहिली. दुसऱ्या दिवसापासून बादली वडील नेऊ लागले.